मुक्ताला वर घेतलं तेव्हा

आम्ही सिंगापूरमध्ये बिशानला नवव्या मजल्यावर राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, रूळ दिसायचे आणि आमचा दिवस त्या रुळांवरून जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या घरघरीने सुरू व्हायचा. मग शेजारच्या मिसेस वाँग पॅसेजमधल्या कुंड्यांना पाणी घालायच्या, मग आमच्या कुकरची शिट्टी, मग बाबांचं खाकरणं. शनिवारी त्यात तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज मिसळायचा. शनिवारी आमची प्रॅक्टिस असायची आणि आई थालीपीठं लावायची. भाजणी पुण्याहून मामी पाठवायची. ती संपत आली की आई डब्यात हात घालून उरलेलं पीठ चाचपून बघायची आणि फोनवर मामीशी एकदम गोड बोलायला लागायची. मुक्ताला थालीपीठ आवडायचं नाही. "नॉट थालीपीठ अगेन, लाह," ती म्हणायची आणि खालच्या कॉफीशॉपमधला नारळाच्या जॅमचा काया टोस्ट मागायची. आई म्हणायची, "टोस्ट खाऊन चार तास उन्हात उभी राहून दाखव." शेवटी मुक्ता दोन खायची, मी तीन. मी तेव्हा समोर येईल ते मुकाट्याने खाणारी मुलगी होते. घरात अशा मुलीची काळजी कुणाला नसते, आणि फारसं लक्षही तिच्याकडे नसतं.

मुक्ता माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी ती चौदाची होती आणि मी सतराची. आई वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत कामाला होती. बाबा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होते. कुठलं जहाज कुठल्या बंदराला कधी लागणार, याची जुळवाजुळव करणं हे त्यांचं काम. पण आम्हा मुलींना बाबा खरे समजले ते त्यांच्या क्रिकेटवरून. पुण्यात असताना ते एका क्लबकडून खेळायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं नाव वरच्या संघासाठी निघालं, तेव्हा निवड समितीतलं कुणीतरी म्हणालं, मुलगा चांगला आहे, पण एक वर्ष थांबू द्या. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी आजोबा गेले आणि बाबांना मिळाली ती नोकरी धरावी लागली. हे ते रडगाणं म्हणून सांगायचे नाहीत. केळं सोलता सोलता, दुसरंच काहीतरी बोलता बोलता सांगायचे. "थांबवलं की माणूस आतून विझतो," एवढंच शेवटी म्हणायचे आणि साल टाकायला उठायचे.

सिंगापूरच्या शाळांत मुली सॉफ्टबॉल खेळतात. मी आधी शाळेत आणि मग एका क्लबात खेळायला लागले, आणि माझ्या मागोमाग मुक्ता आली. बाबा सुरुवातीला "तुमचं ते सॉफ्टबॉल" म्हणायचे. मुक्ताला पहिल्यांदा बॅट फिरवताना पाहिलं आणि त्यांनी तसं म्हणणं सोडून दिलं. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती, अंगाने काडी. पण बॉल आला की तिचे हात असे काही सुटायचे की बघणाऱ्याला वाटावं, यात जोर लावण्यासारखं काही नसतंच. बॅटला बॉल लागल्याचा आवाजही वेगळा यायचा, जाड पुस्तक मिटल्यासारखा. लांबच्या नेटपाशी उभे असलेले लोक मान वळवून बघायचे. मी कॅचर होते. म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, अंगावर चिलखत, आणि तिच्याकडून सुटलेला बॉल पकडायचा. हे काम मेहनती आणि शहाण्या मुलींना देतात. मी सीनिअर संघाची कॅप्टन झाले तेव्हा घरात श्रीखंड झालं. मुक्ताने ज्युनिअरच्या एका मॅचमध्ये कुंपणाबाहेर बॉल मारला त्या दिवशी मात्र बाबा आनंदाने जेवलेच नाहीत, नुसते येरझारा घालत राहिले.

क्लबात दोनच संघ होते. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलींचा ज्युनिअर, आणि वरचा सीनिअर, जो लीगमध्ये मोठ्या बायकांशी खेळायचा. ज्युनिअरमधून सीनिअरमध्ये कुणाला कधी घ्यायचं ते कोच ओंग ठरवायचे. साठीला आलेला, बुटका, काळवंडलेला माणूस. डोक्यावरची टोपी ते फक्त विचार करताना काढायचे. माझं मंजिरी हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते मला जिरी म्हणायचे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला मुक्ताची बॅट बंद पडली. दुसरा शब्द नाही. ज्युनिअरच्या मॅचेसमध्ये ती उभी राहायची, तीन वेळा बॅट फिरवायची किंवा फिरवायची नाही, आणि बाद होऊन परत यायची. आठवड्यामागून आठवडे. बाबांनी तिचे व्हिडिओ काढले. जेवणाच्या टेबलावर फोन वरणाच्या पातेल्याला टेकवून ते आम्हाला दाखवायचे: इथे डोकं हललं, इथे खांदा उघडला. मुक्ता भातात वरण कालवत राहायची. आई म्हणायची, "अहो, तिला जेवू द्या," आणि बाबा म्हणायचे, "जेवतेच आहे की ती."

दरम्यान सीनिअर संघात एक जागा रिकामी झाली. आमची एक खेळाडू शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली. त्या जागी कोण, असा प्रश्न आला, आणि बाबांच्या मनात उत्तर तयार होतं. मुलगी खाली मारत नाही, तर तिला वर कशी घेणार, असं कुणालाही वाटेल. बाबांचं म्हणणं बरोबर उलटं. "खालच्या पोरींची बॉलिंगच धड नाही," ते म्हणायचे. "एक बॉल डोक्यावर, एक पायात. त्यावर चांगली बॅट्समनसुद्धा बिघडते. वर बॉल वेगात येईल, पण सरळ येईल. चांगली बॉलिंग मिळाली की ती आपोआप सुधारेल." आई विचारायची, "आणि नाही सुधारली तर?" बाबा म्हणायचे, "तर निदान कळेल तरी." हे सगळं ते कोच ओंगनाही सांगायचे, मैदानाच्या कडेला उभं राहून, हातवारे करत, पुण्याच्या इंग्रजीत. कोच ऐकायचे. त्यांना ते अर्धं पटत असावं, कारण ते टोपी काढायचे.

आता मी स्वतः लहान मुलींना शिकवते. माझे गुडघे उकिडवं बसून बसून कामातून गेलेत, त्यामुळे खुर्ची टाकून शिकवते. दर सीझनला कुठले तरी आईबाप येतात आणि विचारतात, हिला वर कधी घेणार. अडखळत असताना वर घेतल्यामुळे फुललेल्या मुली मी पाहिल्या आहेत. खाली ठेवल्यामुळे कोमेजून गेलेल्याही. बाबा चुकीचं बोलत होते असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

ते कसं कळलं ते सांगते. एका शनिवारी प्रॅक्टिस चालू असताना विजेचा भोंगा वाजला. इथे वीज पडायचा धोका असला की मैदानावर भोंगा होतो, पिवळा दिवा लुकलुकायला लागतो आणि सगळ्यांना छपराखाली जावं लागतं. पावसाचा थेंबही नव्हता. बाकीच्या मुली टॉयलेटजवळच्या मोठ्या छपराकडे पळाल्या. मी चिलखत सोडवत मागे राहिले, आणि मुक्ता माझ्याबरोबर सामानाच्या शेडमध्ये आली. उरलेलं अर्धं थालीपीठ आम्ही फॉइलमधून काढून खाल्लं. ते गार होऊन चामट झालं होतं. खाता खाता ती म्हणाली, "ताई, मला बॉल दिसत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे? चष्मा लागला का? डोळे तपासून घेऊ."

"तसं नाही. हातातून सुटतो तोपर्यंत दिसतो. मग मधेच डोळे मिटतात. मी मिटत नाही, दे जस्ट क्लोज. उघडतात तेव्हा बॉल तुझ्या हातात असतो."

मला लगेच कळलं. चार महिन्यांपूर्वी ज्युनिअरच्या प्रॅक्टिसमध्ये एक बॉल तिच्या गालावर बसला होता. आठवडाभर गाल जांभळा होता. बाबांनी बर्फ धरला होता आणि म्हणाले होते, लागतंच, खेळ आहे. तिनेही हसण्यावारी नेलं होतं. मी विचारलं, "तेव्हापासून?" तिने मान डोलावली. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. कोचला तर अजिबात नको. प्रॉमिस, ताई." तिच्या ओठाला भाजणीचा कण लागला होता. मी म्हटलं, "प्रॉमिस." भोंगा पुन्हा वाजला, धोका टळल्याचा, आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतर मी प्रॅक्टिसला तिच्या मागे बसले की बघायचे. बॉल निम्म्यात आला की तिचं तोंड किंचित बाजूला वळायचं आणि पापण्या घट्ट मिटायच्या. बाबांच्या व्हिडिओत ते दिसत नव्हतं, कारण ते लांबून, कडेने काढलेले असायचे. ते फक्त मला दिसायचं. हातभर अंतरावरून.

पुढच्याच आठवड्यात कोच ओंग मला शेडजवळ थांबवून म्हणाले की त्यांना मंगळवारपर्यंत नाव द्यायचं आहे. प्रॅक्टिस संपली होती. ज्युनिअर मुली इकडेतिकडे विखुरलेले बॉल गोळा करत होत्या आणि बाबा लांब गाडीतळाजवळ आमची वाट बघत उभे होते. कोचनी टोपी काढली. "युवर फादर से रेडी," ते म्हणाले. "मला वाटतं, अजून दोन-तीन महिने. पण मी बाजूने बघतो, तुझे वडील बाजूने बघतात. तू मागे बसतेस, जिरी. तुला तिचा चेहरा दिसतो. यू टेल मी. युवर सिस्टर, कॅन ऑर कॅनॉट?"

मी म्हणाले, "कॅन."

इतकंच. त्यांनी टोपी घातली, मान डोलावली आणि ते निघून गेले.

हा एक शब्द मी का म्हणाले याची बरीच उत्तरं मी इतक्या वर्षांत स्वतःला दिली आहेत. मी वचन दिलं होतं, हे पहिलं उत्तर. पण नाही म्हणायला काही कारण द्यावं लागलं नसतं. नॉट येट एवढं म्हटलं असतं तरी कोचनी पुढे काही विचारलं नसतं, त्यांच्या मनातही तेच होतं. बाबा खूश होतील, हे दुसरं. वर गेल्यावर ती खरंच सुधारेल, हे तिसरं, आणि यावर माझा थोडा विश्वासही होता. पण मी तेव्हा सतरा वर्षांची होते, संघाची कॅप्टन होते, आणि माझ्या एकाही मॅचचा व्हिडिओ कुणी कधी वरणाच्या पातेल्याला टेकवला नव्हता. शेडजवळ उभी असताना माझ्या मनात काय आलं ते मला चांगलं आठवतं. दिसू दे एकदा सगळ्यांना, असं आलं होतं.

मंगळवारी नाव लागलं. बाबा ऑफिसमधून येताना लिटल इंडियातून जिलेबी घेऊन आले. मुक्ताने एक कडं तोडून खाल्लं आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पहिल्या मॅचमध्ये ती तीनदा बॅटिंगला आली आणि तिन्ही वेळा बॉलला बॅट न लावता परत गेली. समोरची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, तिशीची होती, शाळेत पीटी शिकवायची, आणि तिचा बॉल खरोखरच सरळ यायचा. दुसऱ्या मॅचमध्ये समोरच्या संघाच्या पिचरला नेम धरता आला नाही आणि मुक्ताला न खेळताच पहिल्या बेसवर जायला मिळालं. बाबा त्यावरही आनंदले. "बघ, संयम आहे पोरीकडे," घरी येताना ते म्हणाले. मागच्या सीटवर मुक्ता खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिसरी मॅच, चौथी मॅच. कोचनी तिला बॅटिंगच्या क्रमात सगळ्यात शेवटी टाकलं. संघातल्या मोठ्या मुली तिच्याशी चांगल्या वागायच्या. तिच्या पाठीवर थोपटायच्या, "नेव्हर माइंड, गर्ल" म्हणायच्या. हळूहळू थोपटणं कमी झालं. ती परत आली की बाकावर आपोआप जागा व्हायची, गरजेपेक्षा जास्त. घरी तिने टोस्ट मागणं सोडलं. आई ताटात वाढेल ते ती खायला लागली, माझ्यासारखी.

मी या काळात काही करू शकले असते. चार आठवडे होते माझ्याकडे. आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो, आमच्या पलंगांमध्ये एका टेबलाचं अंतर होतं. मी तिला एकदाही विचारलं नाही की आता बॉल दिसतो का. मला माहीत होतं ना. मी मॅचमध्ये खेळाडूंच्या शेडमधून तिचं तोंड वळताना बघायचे.

पाचव्या मॅचला मी क्रमात पहिली होते, आणि शेवटच्या मुक्तानंतर पुन्हा माझाच नंबर यायचा. म्हणजे ती खेळत असताना मी हेल्मेट घालून, बॅट हातात घेऊन चार पावलांवर उभी. मुक्ता प्लेटपाशी गेली, जमिनीतल्या त्या पांढऱ्या रबरी पाटीपाशी, आणि बॅट खांद्यावर ठेवून उभी राहिली. पहिला बॉल आला, तिने बॅट हलवली नाही. दुसरा आला, तेव्हाही नाही. मी नीट पाहिलं. तिने डोळे आधीच मिटले होते. बॉल सुटायच्याही आधी. ती डोळे मिटून शांत उभी होती, बसस्टॉपवर उभं राहावं तशी. तिसरा बॉल गेला, अंपायरने हात वर केला. ती हलली नाही. "गर्ल, यू आर आउट," अंपायर म्हणाला. तरी नाही. शेवटी समोरच्या संघाच्या कॅचरने उठून हलकेच तिच्या कोपराला हात लावला. तेव्हा मुक्ताने डोळे उघडले, बॅट वाकून नीट प्लेटच्या बाजूला ठेवली, आणि माझ्या अंगावरून, शेडवरून, सगळ्यांवरून पुढे निघून गेली. कुंपणाचं फाटक उघडून, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, रस्त्याकडे.

बाबा उठून तिच्या मागे गेले. कोच शेडमधून बाहेर आले. अंपायर माझ्याकडे वळून म्हणाला, "नेक्स्ट बॅटर."

मी तिच्या मागे जायला हवं होतं. मी प्लेटपाशी गेले आणि पहिल्याच बॉलवर आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका मारला. बॉल दोन मुलींच्या मधून, त्यांच्या डोक्यावरून, थेट कुंपणाला जाऊन लागला. मी धावत दुसऱ्या बेसवर पोहोचले आणि सवयीने बाकांकडे पाहिलं. बाबांची जागा रिकामी होती.

मुक्ता बाबांना सापडली नाही. तिचं मेट्रोचं कार्ड पँटच्या मागच्या खिशात होतं. फोन आणि चप्पल शेडमध्ये. मॅच संपेपर्यंत दोन तास गेले होते. आई घरून निघाली आणि सरळ हार्बरफ्रंटला गेली. आम्ही लहान असताना शुक्रवारी संध्याकाळी आई आम्हाला मेट्रोत बसवून तिथे न्यायची, बाबा सुटेपर्यंत आम्ही फेरी धक्क्यावर बोटी बघायचो. तिथे काचेपाशी मुक्ता बसलेली होती. खिळ्यांचे बूट काढून शेजारी ठेवलेले, पायात मातीने लाल झालेले मोजे. आईने नंतर मला सांगितलं की ती रडत वगैरे नव्हती. बोटीवर चढणाऱ्या माणसांकडे बघत होती. आई शेजारी बसली तेव्हा ती म्हणाली, "आई, मी झोपते थोडी," आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच झोपली. दोघी संध्याकाळी मेट्रोने घरी आल्या. आईने मुगाची खिचडी टाकली. चौघं बसून जेवलो. सकाळी मुक्ता म्हणाली, "मी आता खेळणार नाही," आणि तिचं सामान तिने स्वतःच पिशवीत भरून दाराशी ठेवलं.

मी वचन दिलेली गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती आणि मुक्तानेही सांगितली नाही. बाबांनी आठवडा जाऊ दिला. मग त्यांनी क्लबच्या कमिटीला पत्र लिहिलं की तयारी नसलेल्या मुलीला कोचनी मोठ्यांच्या संघात उतरवलं आणि तिचं नुकसान केलं. ते पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अहो, वर घ्या वर घ्या म्हणून तुम्हीच त्यांच्या मागे लागला होतात."

बाबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी बाप आहे. मला वाटणारच. ठरवायचं काम त्यांचं होतं."

कमिटीने कोचना बोलावलं. कॅप्टन म्हणून मलाही. लांबट टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, एसी इतका की माझ्या दंडांवर काटा आला होता. अध्यक्ष म्हणून एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, मुलगी ज्युनिअरमध्ये खेळू शकत नव्हती, तरी वर का घेतली? कोच म्हणाले, "माय डिसिजन." दुसऱ्या एकाने विचारलं, कुणाचा सल्ला घेतला होता का? कोचनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, "नो. माइन." मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "कॅप्टन, तुला काही सांगायचंय?"

मी म्हणाले, "नाही."

सीझन संपल्यावर कोच ओंग क्लब सोडून गेले. त्यांना काढलं की ते आपणहून गेले, हे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पुढे दोनेक वर्षांनी आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये ते मला एकटेच कॉफी पिताना दिसले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मला सगळं बोलून टाकायचं होतं. त्यांनीच आधी विचारलं, "सिस्टर ओके?" मी म्हटलं, ओके. ती चित्रं काढते आता. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मी तुला विचारायला नको होतं. सतरा वर्षांची पोर. दॅट वन, माय फॉल्ट." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि आम्ही तो निमूटपणे प्यायलो.

मी त्यानंतर सहा वर्षं खेळले, बरीच वरपर्यंत गेले. बाबा पुन्हा मैदानावर आले नाहीत. "कसं झालं?" असं घरी विचारायचे, आणि मी सांगायला लागले की वर्तमानपत्राची घडी उलगडायचे.

मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुक्ता मेलबर्नहून आली होती. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. आईला हॉस्पिटलमध्ये सोडून आम्ही दोघी खाली फिशबॉल नूडल्स खायला बसलो. इतकी वर्षं आम्ही आईचे डोळे, आईचे गुडघे, तिकिटं, व्हिसा याखेरीज दुसरं काही बोललो नव्हतो. का कोण जाणे, मी म्हणाले, "मुक्ता, तुला वर घ्यायच्या आधी कोचनी मला विचारलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी शेडच्या मागेच होते. बॉल उचलत होते."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग तू काही बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू नाही म्हणशील. तुला सगळं सांगितलं होतं ना मी." तिने चॉपस्टिक्स वाटीवर आडव्या ठेवल्या. "आणि तू म्हणालीस, कॅन. मग मला वाटलं, ताई मागे बसते, तिला नीट दिसतं. तिला माझ्यात काहीतरी दिसलं असणार. म्हणून गेले मी. पाच मॅचेस मी तेच शोधत होते." मग जरा हसून तिने विचारलं, "काय दिसलं होतं गं तुला?"

मी म्हणाले, "तुझे हात. तुझ्यासारखे हात मी कुणाचे पाहिले नाहीत."

ते खोटं नव्हतं. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग "हं" म्हणाली आणि खायला लागली. तिला बरं वाटलेलं मला दिसत होतं. इतक्या वर्षांनी, इतकं साधं, आणि मला ते मोडवलं नाही.

हे लिहून झाल्यावर मी तिला पाठवणार आहे. मुक्ताला मराठी वाचता येतं, आईने शिकवलं होतं, पण ती अक्षर लावत लावत, ओठ हलवत वाचते. शेडजवळ मी काय बोलले आणि मनात काय होतं, तिथवर पोहोचायला तिला एखादी दुपार लागेल. त्यानंतर ती फोन करेल किंवा करणार नाही.